चटईवर झोपणारा गादीवाला

आमच्या बारक्याचं गाद्यांचं दुकान आहे आणि तो स्वतः चटईवर झोपतो. बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. एक्केचाळीस वर्षांचा घोडा झालाय, कानशिलावर पांढरं आलंय, पण मी चार वर्षांनी मोठी, मला तो बारक्याच. गल्लीत त्याला गादीशेठ म्हणतात, निम्मं कौतुकानं आणि निम्मं टिंगलीनं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. उभ्या गल्लीला मऊ झोपवतो आणि आपण फरशीवर चटई टाकून, हाताची उशी करून पडतो. कुणी विचारलंच तर म्हणतो, पाठ दुखते, डॉक्टरांनी कडक अंथरूण सांगितलंय. कुठल्या डॉक्टरांनी, ते सांगत नाही. बायकोलाही लग्न झाल्यापासून हेच सांगितलंय, आणि ती बिचारी चौदा वर्षं त्या पाठीला तेल चोळतेय.

त्याच्या पाठीला काहीही झालेलं नाही. खरं कारण मला माहीत होतं आणि ते कुणाला सांगायचं नाही असा शब्द मी दिलेला होता. आता तो शब्द सुटलाय, म्हणून मोकळेपणी बोलतेय. सुटला नव्हता तेव्हा माझी काय दशा होती ते मलाच ठाऊक.

पुढे दुकान, मागे दोन खोल्या. त्यात बारक्या, त्याची बायको आणि त्यांची एकुलती एक पोरगी. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, पण दिवस माझा दुकानातल्या शिलाई मशीनवरच जातो. खोळी शिवणं माझं. कापूस पिंजणं, भरणं, काठीनं झोडून सारखा करणं आणि लांब सुईनं आरपार टाके घालणं बारक्याचं. नव्या गादीपेक्षा जुनी उसवून पुन्हा भरायची कामं जास्त येतात. आणि जुनी गादी उसवली की त्या घराचं पोट बाहेर येतं. केसांच्या पिना निघतात, न घेतलेल्या गोळ्या निघतात, एकदा तर कुणाची तरी कवळी निघाली होती. आणि डाग निघतात. पिवळे, एकात एक गोल. अशा गाद्या महिन्याला चार-पाच येतातच. आणणारे आधीच सांगून टाकतात, छत गळलं हो. आता छत गळून गादीच्या बरोबर मधोमध, आणि रोज तिथेच कसं गळतं, हे आम्ही विचारत नाही.

बारक्याचा नियमच आहे तो. अशी गादी तो एकटा उसवतो, भिंतीकडे तोंड करून, डागाची बाजू भिंतीला. मलासुद्धा बघू देत नाही. खोळ तोच धुतो, उलटी करतो आणि मग माझ्याकडे टाकतो. बावीस वर्षांत त्यानं एका घराचं नाव तोंडातून काढलेलं नाही. लोकांना वाटतं गादीशेठ मितभाषी आहे. मितभाषी कसला, घुम्या आहे.

आता पोरगी. तिला आम्ही खारू म्हणतो, कारण ती चालायला शिकलीच नाही, थेट पळायलाच लागली. अकरा वर्षांची आहे. शाळेत तिच्यापुढे कुणी नाही, मुलगेसुद्धा नाहीत. आणि ही पोरगी आठवड्यातल्या चार-पाच रात्री अंथरूण ओलं करायची. लहानपणापासून ते कधी थांबलंच नव्हतं.

भावजय बेकरीत कामाला आहे, पहाटेच्या पाळीला. लोक कुशीवर वळतात त्या वेळी ती चादर पिळत असते. पाचव्या वर्षापर्यंत ती म्हणाली, होईल बंद. सातव्या वर्षी म्हणाली, होईल. नवव्याला मात्र तिचा धीर सुटला. मी तिला दोष देत नाही, तिच्या जागी मी असते तर आठव्यालाच सुटला असता. संध्याकाळनंतर पाणी बंद केलं. गजराची दोन घड्याळं आणली, त्यांनी शेजारची दोन्ही घरं जागी व्हायची, खारू नाही. ओरडून झालं, गोंजारून झालं. शेवटी तिनं पळायचे बूट आणले, लाल पट्टीचे, आणि सांगितलं की एक महिना कोरडा गेला की हे तुझे. बुटांचा डबा कपाटावर ठेवला, पोरीला अंथरुणातून दिसेल असा. वर्ष झालं त्याला. महिना काही कोरडा गेला नाही.

असं काही झालं की भावजय म्हणायची, आमच्या माहेरी हे असलं कुणालाच नव्हतं. बारक्या ऐकायचा आणि कापूस भरत राहायचा. मी मशीनवर पाय मारत राहायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

कारण बारक्याला होतं. तेरा वर्षांचा होईपर्यंत होतं.

आमचे वडीलही गादीवालेच. हे दुकान त्यांचंच. हातात कला होती आणि डोक्यात निखारा. गादीवाल्याच्या पोरानंच गादी नासवावी हे त्यांना सहन व्हायचं नाही. बारक्या सात वर्षांचा असताना एका सकाळी त्यांनी त्याची गादी उचलली, दुकानासमोर खोळी वाळत घालायची दोरी आहे तिच्यावर डागाची बाजू रस्त्याकडे करून टाकली आणि तिच्याखाली बारक्याला बसवलं, दुपारपर्यंत. गिऱ्हाईकं आली, शाळेत जाणारी पोरं आली, सगळ्यांनी बघितलं. आई आत रडत होती, पण बाहेर येऊन त्याला उठवायची तिची छाती झाली नाही. माझीही झाली नाही. दुपारी वडिलांनी त्याच्या अंगावर चटई फेकली आणि म्हणाले, तुझी लायकी एवढीच. त्या रात्रीपासून तो चटईवर. पुढे थांबलं आपोआप, वडील गेले, दुकान याचं झालं, घरात गाद्यांची चवड लागली. हा चटईवरच.

त्या दिवशी संध्याकाळी माळ्यावर त्यानं माझा हात धरून वचन घेतलं होतं. ताई, हे कुणाला सांगायचं नाही, कधीच नाही. मी अकरा वर्षांची, खारूएवढीच. दिलं वचन. अळीमिळी गुपचिळी. पोरवयात शब्द देताना कुठे कळतं की तो चौतीस वर्षं गळ्यात अडकून बसणार आहे.

शेवटी मीच हट्टानं पोरीला डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. भावजयीला पाळी सोडता येईना, म्हणून बारक्या, खारू आणि मी गेलो. डॉक्टरीणबाई वयस्कर, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं सडेतोड. आधी खारूशीच बोलल्या, आमच्याशी नाही. पाणी किती पितेस, पोट साफ होतं का, लघवीला जळजळ होते का, दिवसा कधी असं होतं का. पोट तपासलं, लघवी तपासायला घेतली. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या की हे पोरगी मुद्दाम करत नाही, आळसानं करत नाही. झोप गाढ आहे आणि पिशवी भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचत नाही, एवढंच. बहुतेकांचं वयाबरोबर थांबतं. आणि बहुतेक वेळा हे घरातच असतं, आईला नाहीतर बापाला.

"तुमच्या घरात होतं का कुणाला लहानपणी?" त्यांनी बारक्याला विचारलं.

खारूनं मान वर केली. मीही केली. बारक्या भिंतीवरचं दातांचं चित्र बघत होता.

"नाही," तो म्हणाला.

"नक्की?"

"नाही. कुणालाच नाही."

मला वाटलं तिथंच त्याच्या पाठीत धपाटा घालावा, ती न दुखणारी पाठ खरंच दुखवावी. पण शब्द. इकडे आड, तिकडे विहीर. मी पदराचा काठ चुरगाळत बसले आणि डॉक्टरीणबाई पुढे सांगत राहिल्या. दिवसभर पाणी भरपूर प्यायचं, तोडायचं नाही, फक्त झोपायच्या आधी कमी. झोपताना जाऊन यायचं. गादीवर रबरी कापड घालायचं. चादर तिची तिनं बदलायची, शिक्षा म्हणून नव्हे, तिचं काम म्हणून. ओरडायचं नाही, टोमणे नाहीत. मी बुटांचं सांगितलं तर चष्मा काढून म्हणाल्या, बूट आजच्या आज द्या. झोपेत घडलेल्या गोष्टीला शिक्षा नसते तसं बक्षीसही नसतं.

"आणि सकाळी अंथरूण ओलं असलं, तर एकच वाक्य बोलायचं," त्या म्हणाल्या. "असू दे, आज पुन्हा बघू. त्यापुढे एक शब्द नाही."

बाहेर राहायला जायची वेळ आली तर आधी येऊन भेटा, त्यालाही उपाय असतात, असंही सांगितलं. बारक्या सगळ्याला मान हलवत होता.

परत येताना बसमध्ये तो पुढच्या बाकावर बसला, आम्ही दोघी मागे. खारू बराच वेळ खिडकीतून बघत होती. मग हळूच म्हणाली, "आत्या, म्हणजे अख्ख्या घरात मीच एक का?"

माझ्यापुढे दोन हातांच्या अंतरावर बारक्याचं डोकं होतं, कान तेवढे लाल झालेले. मी म्हणाले, उतरायची वेळ झाली, पिशवी घे. अजून तीन थांबे होते. इतकी स्वतःची लाज मला कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर भावजयीनं डॉक्टरांचं सगळं ऐकलं आणि स्टुलावर चढून डबा खाली काढला. खारूनं बूट पायात घातले. टाच बाहेर राहिली. वर्षभरात पाय मोठा झाला होता, आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. भावजय जमिनीवर बसली ती रडायलाच लागली. खारू म्हणते कशी, अगं आई, बोटं दुमडली की येतात बघ. तेव्हा तर ती अजूनच रडली.

त्यानंतर घराची सकाळ बदलली हे खरं. भावजय दात आवळून का होईना, पण तेच वाक्य म्हणायची. असू दे, आज पुन्हा बघू. पहिले पंधरा दिवस तिच्या तोंडून ते शिवीसारखं यायचं. मग सवयीनं मऊ झालं. खारू आपली चादर आपण काढायची, दुसरी अंथरायची. आठवड्यात दोन रात्री कोरड्या जायला लागल्या, कधी तीन. मला वाटलं, चला, पोरगी मार्गी लागली. पण पोरगी गप्प झाली होती. पूर्वी दुकानात येऊन कापसाच्या ढिगात उड्या मारायची, बापाच्या शिव्या खायची. आता शाळेतून आली की सरळ आत. आमच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

मग एके दिवशी शाळेतल्या खेळाच्या बाई दुकानात आल्या. तरुण, गळ्यात शिट्टी, पायात धुळीचे बूट. आल्या त्या तापूनच. दुसऱ्या शहरात शर्यती होत्या, शाळेतून चारच मुली निवडल्या होत्या, त्यात खारू पहिली. तीन रात्री तिकडे एका मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांबरोबर राहायचं. बाई म्हणाल्या, परवानगीच्या कागदावर सगळ्यांच्या पालकांची सही आली, तुमचीच नाही, आणि मुलगी सांगते की बाबांनी परवानगी दिली नाही. तुमच्यासारख्या बापांमुळेच मुली मागे राहतात. एवढी पळणारी पोरगी आणि तिला घरात डांबून ठेवता, तुम्हाला काही वाटतं का.

बारक्या काठी हातात घेऊन उभा होता. त्याला या कागदाबद्दल काही म्हणजे काही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. आतल्या खोलीचा पडदा किंचित हलला. पडद्याखाली दोन अनवाणी पाय दिसत होते, बोटं दुमडलेली.

मला वाटलं आता तो म्हणेल, बाई, मला आत्ताच कळतंय. पण तसं म्हटलं तर पोरगी खोटी ठरत होती, आणि मग ती खोटं का बोलली हेही आलंच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"हो," तो म्हणाला. "मीच नको म्हणालो."

बाईंनी दुसरा कागद मशीनवर ठेवला. शुक्रवारपर्यंत विचार करा म्हणाल्या आणि गेल्या. मंगळवार होता तो. पडद्याखालचे पाय नाहीसे झाले. बारक्यानं काठी उचलली आणि कापूस असा झोडायला लागला की सगळं दुकान पांढरं झालं.

मी मशीन थांबवलं आणि आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. त्या दिवशी मी जे बोलले ते सगळं इथं सांगण्यासारखं नाही. तुझ्या पोरीनं तुझ्या नावावर खोटं खपवलं, कारण खरं सांगायची तिला लाज वाटते, आणि ती लाज तिला तू दिलीस, त्या दवाखान्यात, एका शब्दात. सांग तिला. आज सांग.

तो म्हणाला, "ताई, तू शब्द दिलायस."

"मी नाही सांगणार. तू सांग म्हणतेय."

"मग ती मला काय समजेल?"

"साऱ्या गल्लीच्या गाद्या उसवतोस," मी म्हणाले, "स्वतःची एक उसवता येईना तुला?"

खरं सांगायचं तर मला त्याचा राग जितका आला तितकीच कीवही आली. वडील जाऊन बावीस वर्षं झाली. पण बारक्याकडे बघितलं की मला वाटतं, हा अजून त्या दोरीखालीच बसलाय, दुपार व्हायची वाट बघत.

बुधवार तसाच गेला. गुरुवारी दुपारी बारक्या भिंतीकडे तोंड करून बसला होता, म्हणजे तसलीच गादी उसवत होता. आतून काहीतरी सरपटत आल्याचा आवाज आला. खारू होती. स्वतःची गादी गुंडाळून, दोन्ही हातांनी ओढत घेऊन आली होती. दुकानाच्या मधोमध टाकली.

"बाबा, ही कुणाला तरी विकून टाका. मला नको."

बारक्यानं मागे न बघता विचारलं, का.

"मला तुमच्यासारखी चटई द्या. चटई धुतली की झालं. मोठी झाल्यावरही मी चटईवरच झोपीन. तुम्हाला जमतं, तर मलाही जमेल. सवय होईल."

किती शहाण्यासारखं बोलली ती. जणू आयुष्याचा हिशोब मिटवूनच आली होती. माझा पाय मशीनवर होता तसाच राहिला. मी बारक्याच्या पाठीकडे बघत होते. ती पाठ कितीतरी वेळ हललीच नाही.

मग तो बसल्या बसल्याच वळला आणि समोरची गादीही वळवली. डागाची बाजू आमच्याकडे. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"हे बघ," तो म्हणाला.

खारू वाकली. पिवळे गोल, एकात एक. तिला ओळखायला वेळ लागला नाही. "कुणाची?"

"ते सांगायचं नसतं. महिन्याला चार-पाच येतात. लहानांच्या येतात, तुझ्याहून मोठ्यांच्याही येतात." हातातली सुई त्यानं दोनदा खाली ठेवली आणि दोनदा उचलली. "माझीपण अशीच होती. मी तेरा वर्षांचा होईपर्यंत."

खारू त्याच्याकडे बघतच राहिली. "डॉक्टरांना तर नाही म्हणालात."

"खोटं बोललो."

"का?"

"लाज वाटली."

मग त्यानं सांगितलं. दोरीचं, दुपारचं, चटईचं. अडखळत, खाली बघत, मधेच कापसाच्या गुठळ्या सोडवत. चौतीस वर्षांचं ओझं मी त्याचं त्यालाच उतरवू दिलं. मला वाटलं पोरगी आता बापाच्या गळ्यात पडेल. कसलं काय. ती लालबुंद झाली.

"मला वाटत होतं मी एकटीच आहे," ती म्हणाली. "रोज वाटत होतं. तुम्हाला माहीत होतं तरी तुम्ही सांगितलं नाहीत." आणि मला म्हणाली, "तू पण." आणि आत निघून गेली. गादी तिथंच पडून राहिली.

बरोबर होतं तिचं. आम्हाला दोघांना तोंड वर करून बघवेना.

संध्याकाळी बारक्यानं भावजयीलाही सांगितलं. ती म्हणे आधी हसली, चौदा वर्षांच्या तेलाचं काय म्हणून, आणि मग बराच वेळ त्याच्या जवळ बसून राहिली.

शुक्रवारी सकाळी मी दुकान उघडायला आले तर बापलेक मधोमध बसलेले. मधे तो कागद. खारूची अट ठरली होती. ती तीन रात्री बाहेर झोपेल, पण त्या तीन रात्री बाबांनी घरी तिच्या गादीवर झोपायचं. एकही रात्र चटई नाही. बारक्या म्हणाला, त्यात काय. आणि सही केली. एवढ्या सहज म्हणाला की मला तेव्हाच शंका आली होती.

शर्यतींना अजून पंधरा दिवस होते. भावजयीनं पाळी बदलून घेतली आणि पोरीला पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे नेलं. या वेळी बारक्याही गेला आणि त्यानं स्वतःहून सांगितलं, मला होतं. बाईंनी लिहून घेतलं, बस. त्यांच्या दृष्टीनं एक ओळ होती ती. बारक्या खेळाच्या बाईंनाही एकटा जाऊन भेटला. काय बोलला कोण जाणे, पण त्या दुकानावरून जाताना आता थांबतात. आणि त्यानं खारूसाठी एक वळकटी शिवली, पातळ, हलकी, दिसायला चारचौघींच्यासारखी, पण आत दोन थरांमध्ये रबरी कापड आणि वरचा थर सुटा, चेन उघडली की निघेल असा. चेन मी लावली. खारू शेजारी बसून टाके कसे घालायचे ते शिकली. नवे बूटही आले, मापाचे, कोणतीही अट न घालता.

ती गेली. आणि इकडे तीन रात्री.

पहिल्या सकाळी मी मुद्दाम लवकर आले. खारूची गादी व्यवस्थित अंथरलेली, चादरीला सुरकुती नाही. बाजूला चटई, तिच्यावर बारक्या. दुसऱ्या सकाळीही तेच. तिसऱ्या सकाळी भावजयीनं सांगितलं की रात्री तो गादीवर पडला होता, फळीसारखा ताठ, हात छातीवर घेऊन. तासभर तसाच डोळे उघडे ठेवून होता. मग हळूच उतरला आणि चटई ओढून घेतली. ती म्हणाली, ताई, मला वाटलं त्याला कुणीतरी मारतंय.

मला वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की माणूस सुटतो. सुटत नाही. पोरगी सुटली, मी सुटले. तो तिथंच आहे.

त्याच दिवशी दुपारी खारू आली. वळकटी खांद्यावर, चेहरा उन्हानं भाजलेला. शर्यतीत चौथी आली होती. बक्षीस तिघींनाच, पण तिला त्याचं काही नव्हतं. पहिल्या दोन मुली म्हणे तिच्यापेक्षा हातभर उंच होत्या आणि तिसरीला ती पुढच्या वर्षी बघून घेणार होती. एवढं सगळं दारातच सांगून झालं. मग वळकटी खाली टाकून म्हणाली, एक रात्र झालं. मधली. उठून वरचा थर काढला, पिशवीत घातला, झोपले. बाजूची मुलगी बघत होती. बघू दे.

बोलता बोलता तिनं पिशवीतून तो थर काढला, बाहेर गेली आणि दुकानासमोरच्या दोरीवर झटकून वाळत टाकला. रस्त्याकडे तोंड करून. बारक्या ताडकन उठला, दोन पावलं पुढे गेला, आणि तिथंच थांबला. रस्त्यावरून माणसं जात होती. कुणी बघितलं, कुणी नाही बघितलं. खारूनं दोन चिमटे लावले आणि आत आली.

"बाबा, झोपलात का गादीवर?"

बारक्यानं माझ्याकडे बघितलं. मी मशीनमध्ये दोरा ओवत होते, मला काही दिसत नव्हतं.

"नाही जमलं," तो म्हणाला. "तिन्ही रात्री नाही जमलं."

मला वाटलं आता ही चिडणार, अट म्हणजे अट. पण तिनं त्याच्याकडे नीट बघितलं, रोज सकाळी तिची आई तिच्याकडे बघते तसं.

"असू दे, बाबा," ती म्हणाली. "आज पुन्हा बघू."

आणि पाणी प्यायला आत गेली.